डिबेंचर घेण्याआधी कागद वाचा



कोळसा खाणीतून अब्बा निवृत्त झाले, फंडाची रक्कम हाती आली की आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडे घरी माणसे येऊ लागतात. "चाचा, कंपनीचे डिबेंचर घ्या, दरमहा नफा मिळेल." सही करण्याआधी हे डिबेंचर काय आहे, ते घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

डिबेंचर म्हणजे कंपनीने लिहून दिलेला कर्जरोखा. कंपनीला त्याची गरज का पडते? १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कंपनीकडे पाहा. बांबूत घातलेला पैसा कागद विकला की काही महिन्यांत परत येतो. त्याला बँकेचे थोड्या मुदतीचे कर्ज पुरते. कागदाचे यंत्र मात्र आपली किंमत फेडायला अनेक वर्षे घेते. अशा यंत्रांसाठी कंपन्या बँकेचे मुदत कर्ज घेतात, शेअर विकतात किंवा डिबेंचर काढतात.

शेअर घेणारा कंपनीचा भागीदार होतो. नफा-तोटा दोन्ही त्याचे आणि सभेत त्याला मतही असते. डिबेंचर घेणारा सावकार असतो. त्याला ठरलेले व्याज आणि मुदत संपल्यावर मुद्दल मिळते, मत नसते. कंपनीच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण मालकी हातची जात नाही आणि दिलेले व्याज खर्चात धरल्याने करही कमी बसतो.

पण कंपनीच अडचणीत आली तर? बल्लारपूर इंडस्ट्रीज जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१६ च्या कायद्यानुसार कंपनी मोडीत निघाली, तर प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेले कर्ज एका रांगेत येते. बिनतारण डिबेंचरवाले त्यांच्या मागे आणि शेअरवाले सर्वांत शेवटी. म्हणून डिबेंचरमागे तारण आहे का, विश्वस्त कोण, हे आधी विचारावे.

सहाराच्या दोन कंपन्यांनी असेच डिबेंचर देशभर विकून २४ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. आज खासगीरीत्या डिबेंचर देऊ करताना कंपनीला एका वर्षात साधारण २०० जणांची मर्यादा आहे. त्यापुढे सेबीच्या नियमांनुसार माहितीपत्रक काढून जाहीर विक्री करावी लागते. मोहल्ल्यात दारोदार फिरणाऱ्याकडे ते माहितीपत्रक नसेल, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

दुसरा प्रश्न दीनचा. मुद्दल सुरक्षित आणि त्यावर ठरलेली टक्केवारी, हे व्याजच. एजंटने त्याला नफा म्हटल्याने ते बदलत नाही. मलेशियात १९९० पासून कंपन्या सुकूक काढतात. त्यात पैसे देणाऱ्याचा एखाद्या मालमत्तेत किंवा व्यवहारात हिस्सा असतो आणि उत्पन्न भाड्यातून वा व्यापारातून येते. हलाल धंद्याच्या कंपनीचे शेअर घ्यायचे असतील, तर तिच्यावरचे कर्ज किती ते पाहून जाणकार आलिमांना विचारावे.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. घरात कुणी अशा कागदावर सही करणार असेल, तर शिकलेल्या मुला-मुलींनी तो आधी मोठ्याने वाचून दाखवावा. त्यात 'कर्ज' आणि 'व्याज' हे शब्द कुठे आहेत, ते अब्बा-अम्मींना बोट ठेवून दाखवावे.