अडगळ कोणाला म्हणता?

गेल्या महिन्यात धुळ्याचं घर सोडून आम्ही जळगावला मुलाच्या फ्लॅटवर आलो. सामान बांधायला आलेल्या पोरांनी यादी केली आणि माळ्यावरच्या सगळ्या वस्तूंपुढे एकच शब्द लिहिला, 'अडगळ'. जात्यापुढे, वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेपुढेही.

मुलगा म्हणाला, "बाबा, फ्लॅटला माळा नाही. गोडाऊनमध्ये ठेवू, दरमहा भाडं भरू, नाहीतर देऊन टाकू."

वा रे न्याय! आमच्या जुन्या धाब्याच्या घरात भिंतीत बळद होतं, वर्षाचं धान्य मावायचं. आता बिल्डर जिन्याचेही पैसे लावतो, पण माळा देत नाही. मग आपल्याच वस्तूंना परक्या जागी भाड्याने ठेवायचं!

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. गावोगाव हिंडून त्यांनी जुनी दप्तरं जमवली, ती लोकांच्या घरांतूनच ना? त्या घरांनी अशीच आवराआवर केली असती, तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ठेवायला काय उरलं असतं?

आमच्या ट्रंकेत नुसते कपाशीचे हिशेब आहेत, कबूल. पण ते अजून कोणी वाचलेलेच नाहीत, मीसुद्धा.

असो. सूनबाई ब्लॉग वाचते, म्हणून सांगून ठेवतो : ट्रंक माझ्या पलंगाखालीच राहील. जातं मात्र धुळ्याच्या शेजारणीने नेलं. त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय म्हणे.