मुक्कामाचा दिवस

'थांबला तो संपला' हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचले असेल. मलाही ते एके काळी फार आवडायचे. पण लांबच्या प्रवासाला ते लागू पडत नाही, असे माझे मत आहे. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मुलांना घेऊन इस्लापूरहून किनवटमार्गे माहूरला पायी निघालो. तंबू, भांडी आणि शिधा बरोबर होता. चौथा दिवस विश्रांतीचा ठरला होता. पण मुले उत्साहात होती. "सर, आजही चालू या," ती म्हणाली. एक दिवस कशाला वाया घालवायचा, असे मलाही वाटले. आम्ही निघालो. दुपारी सागाच्या जंगलात एक मुलगा रस्त्याच्या कडेला बसला. बूट काढला, तर टाचेचा फोड फुटून मोजा रक्ताने चिकटला होता. दोन दिवस तो तसाच चालत होता. मी विचारले, "बाळ, आधी का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "माझ्यामुळे सगळे थांबले असते, सर."

चूक त्याची नव्हती, माझी होती. एक दिवस वाचवायला गेलो आणि तीन दिवस गमावले.

पंढरीच्या वारीकडे पाहा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते. वाट सुमारे २५० किलोमीटरची. एकादशी गाठायची असते, तरीही पुण्यात पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. नंतर दिवे घाटाचा अवघड चढ येतो. तो चढून सासवडला पोहोचल्यावर तिथेही सहसा दोन रात्री मुक्काम असतो. त्या दिवसांत वारकरी कपडे धुतात, पायांना तेल चोळतात, तुटलेल्या चपला शिवून घेतात. याला आळस कोण म्हणेल?

चालून चालून पायांच्या स्नायूंना बारीक इजा होतात. त्या चालताना नव्हे, तर विश्रांती घेताना आणि झोपेत भरून येतात. म्हणजे आपण थांबलो, तरी शरीराचे काम चालूच असते.

आपल्या भाषाही हेच सांगतात. मराठीतला 'मुक्काम' अरबीतून आला. 'मजल' हा शब्द तुमच्या ओळखीच्या 'मंजिल'चेच रूप. मंजिल म्हणजे मुळात उतरण्याची जागा. म्हणून तर मराठीत 'मजल दरमजल' म्हणतात. चालणे आणि उतरणे, दोन्ही मिळून प्रवास होतो.

कोणी म्हणेल, अशाने मुले सुस्तावतील. पण विश्रांतीचा दिवस म्हणजे दिवसभर लोळणे नव्हे. त्या दिवशी ओले कपडे वाळवावेत, तंबूच्या दोऱ्या तपासाव्यात, उरलेले पीठ मोजावे, पुढच्या वाटेवर पाणी कुठे मिळेल याची गावात चौकशी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येकाचे पाय पाहावेत.

पुढच्या सहलीचा बेत आखताना मी विश्रांतीचा दिवस सर्वांत आधी लिहिला. तुम्हीही तसेच करा. आणि वाटेत पाय दुखू लागला, तर लाजू नका, सांगा. तुमच्यासाठी सगळे थांबले, तर कोणाचेही काही बिघडत नाही. बरोबर निघालेले सगळे बरोबर पोहोचले, तरच प्रवास पुरा झाला.