दुसरी संधी : कोणाला, कशाची आणि कोणत्या अटीवर?



'शिक्षा' आणि 'शिक्षण' हे दोन्ही शब्द 'शिक्ष्' या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. 'शिक्ष्' म्हणजे शिकणे. वेदांगांतील 'शिक्षा' हे उच्चारणाचे शास्त्र आहे आणि हिंदीत आजही 'शिक्षा' म्हणजे शिक्षणच. मराठीत मात्र हा शब्द 'दंड' या अर्थाने स्थिरावला. शब्दाच्या इतिहासावरून समाजाच्या नीतीविषयी घाईने निष्कर्ष काढू नये, हे आपण अर्थविचार अभ्यासताना पाहिलेच आहे. तरीही या दोन शब्दांचे नाते आपल्यापुढे एक प्रश्न ठेवते. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर माणसासाठी शिक्षणाचे दार उघडे असावे काय? आणि ते उघडले, तर त्याबरोबर मैदानाचे, टाळ्यांचे आणि प्रसिद्धीचे दारही आपोआप उघडावे काय?

हा प्रश्न आज सर्वांत तीव्रतेने विचारला जातो तो अमेरिकेत, आणि त्याला कारण आहे. तेथे विद्यापीठीय खेळ हा आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखा नाही. मिशिगन किंवा ओहायो स्टेट या विद्यापीठांच्या फुटबॉल मैदानांत एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून प्रचंड पैसा येतो. उत्तम खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते आणि तो कोणत्या विद्यापीठात जाणार, हे ठरवण्यात प्रशिक्षकाचा शब्द बहुधा निर्णायक असतो. अशा खेळाडूच्या नावावर गुन्हा असेल, तर त्याला संघात घ्यावे की नाही, हा तेथे दरवर्षी नव्याने उभा राहणारा व्यावहारिक प्रश्न आहे.

२०११ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' हे साप्ताहिक आणि 'सीबीएस न्यूज' यांनी मिळून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. देशातील अव्वल २५ फुटबॉल संघांतील २,८३७ खेळाडूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी २०४ जणांवर, म्हणजे सुमारे ७ टक्के खेळाडूंवर, कधी ना कधी पोलिसांत नोंद झालेली होती. खेळाडू निवडताना अशा नोंदी नियमितपणे तपासणारी विद्यापीठे २५ पैकी केवळ दोन होती. वेग, वजन, उंची आणि उडी यांची मोजमापे काटेकोरपणे घेणाऱ्या या संस्थांना खेळाडूच्या पूर्वायुष्याची चौकशी करण्याची गरज वाटत नव्हती, हे या आकड्यांतून दिसते.

परंतु भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. नोंद होणे आणि दोष सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या तुरुंग प्रशासनाने हा भेद नेमक्या शब्दांत जपला आहे. 'न्यायाधीन बंदी' म्हणजे ज्याचा खटला अद्याप चालू आहे असा, आणि 'सिद्धदोष बंदी' म्हणजे ज्याचा दोष न्यायालयात सिद्ध झाला आहे असा. रोजच्या बातम्यांत मात्र संशयित, आरोपी, दोषी आणि गुन्हेगार हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांतही 'गुन्हेगार' हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. '-गार' हा फारसी प्रत्यय आहे. 'कामगार', 'मददगार' या शब्दांप्रमाणे तो माणसाची कृती त्याच्या ओळखीत बदलून टाकतो. दिवसाचे काम संपले तरी कामगार हा कामगारच राहतो. त्याचप्रमाणे शिक्षा संपली तरी गुन्हेगार हा गुन्हेगारच राहतो. 'त्याने गुन्हा केला' या वाक्यात भूतकाळ आहे, 'तो गुन्हेगार आहे' या वाक्यात वर्तमानकाळ आहे. दुसऱ्या संधीचा सगळा वाद एका अर्थी या दोन काळांमधला वाद आहे.

आता विरोधी बाजूचे म्हणणे तिच्या पूर्ण ताकदीनिशी पाहू. २०१५ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातील मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने असा नियम केला, की लैंगिक किंवा कौटुंबिक हिंसेसारख्या गंभीर गैरवर्तनामुळे एका विद्यापीठाने काढून टाकलेला खेळाडू सदस्य विद्यापीठांनी घेऊ नये. २०१७ मध्ये इंडियाना विद्यापीठाने त्यापुढे पाऊल टाकून, लैंगिक हिंसेच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या कोणत्याही नव्या खेळाडूला आपल्या संघांचे दार बंद केले. या नियमांना निष्ठुर म्हणण्यापूर्वी ते कोणत्या अनुभवातून आले, हे लक्षात घ्यावे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात स्वतंत्र वकिलांनी केलेल्या चौकशीचे निष्कर्ष २०१६ मध्ये जाहीर झाले. फुटबॉल विभागातील काही व्यक्ती तक्रारदारांना परस्पर भेटल्या आणि मिळालेली माहिती त्यांनी पुढे कळवलीच नाही, असे त्यांत नमूद होते. मुख्य प्रशिक्षकाला जावे लागले आणि कुलपतींसारखे सर्वोच्च पद भूषवणाऱ्या अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. तेथे खेळाडूंना संधीवर संधी मिळत होती; न्यायाची एक संधीही मिळत नव्हती ती तक्रारदार मुलींना.

ब्रेंडा ट्रेसी या महिलेने आपली कहाणी २०१४ मध्ये स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितली. १९९८ मध्ये ऑरेगनमध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तिची तक्रार होती. प्रकरण खटल्यापर्यंत पोहोचलेच नाही. संबंधितांपैकी विद्यापीठाच्या संघात असलेल्या दोन खेळाडूंना प्रशिक्षकाने एका सामन्यापुरते बाहेर बसवले, आणि मुलांची निवड चुकली अशा आशयाचे सौम्य शब्द वापरले. एका स्त्रीचे उद्ध्वस्त होणे आणि एका सामन्याची विश्रांती यांचा मेळ त्या संस्थेने कसा घातला असेल, याचा विचार आपण करावा. 'चूक', 'प्रमाद', 'अपराध' आणि 'गुन्हा' हे शब्द समानार्थी म्हणून कोशात शेजारी शेजारी आढळतात. परंतु ज्याच्यावर आघात झाला त्याच्या दृष्टीने त्यांच्यामधील अंतर अफाट असते.

ही बाजू इतकी बलवान असूनही सरसकट बंदीचा मार्ग मला मान्य नाही. त्याची कारणे अशी.

पहिले कारण अनुभवाचे आहे. 'रँड' या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा तुरुंगात शिक्षण घेतलेल्या बंद्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी आढळली. अमेरिकेने १९९४ मध्ये बंद्यांना मिळणारी 'पेल' ही सरकारी शिक्षणवृत्ती बंद केली होती. जुलै २०२३ पासून ती पुन्हा खुली झाली. शेकडो महाविद्यालयांसाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक प्रवेशअर्जातून गुन्ह्याविषयीचा प्रश्न २०१९ मध्ये वगळण्यात आला. ज्याला वर्गात जागा नाही त्याला रस्त्यावर जागा असतेच, हे एका समाजाने पाव शतकाच्या अनुभवानंतर ओळखले.

दुसरे कारण न्यायाचे आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणांच्या अटकेचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार अधिक आहे. ज्या समाजात पोलिसांची नजरच सर्वांवर सारखी पडत नाही, तेथे 'नोंद असलेल्या सर्वांना बंदी' हा वरवर समान दिसणारा नियम प्रत्यक्षात विषम ठरतो.

तिसरे कारण माणसाच्या बदलण्याच्या क्षमतेचे आहे. मॉरिस क्लॅरेट हा ओहायो स्टेटचा खेळाडू. २००२ च्या हंगामात, प्रथम वर्षात असतानाच, त्याने संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पुढे विद्यापीठ सुटले, व्यावसायिक कारकीर्द फसली आणि २००६ मध्ये सशस्त्र लुटीच्या प्रकरणात त्याने गुन्हा कबूल केला. साडेसात वर्षांच्या शिक्षेपैकी सुमारे साडेतीन वर्षे तो तुरुंगात होता. तेथे त्याला वाचनाचा आणि लेखनाचा ध्यास लागला. २०१० मध्ये सुटल्यावर तो आपल्या विद्यापीठात शिकण्यासाठी परतला. पुढे यंग्जटाउन या आपल्या गावी व्यसन व मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी संस्था त्याने उभी केली. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. परंतु कायमची बंदी म्हणजे असे होऊच शकत नाही असे आधीच ठरवणे, आणि ते खोटे ठरवायला एक उदाहरण पुरते.

येथे या उदाहरणातील एक तपशील नजरेतून सुटू देऊ नका. क्लॅरेट विद्यापीठात परतला तो विद्यार्थी म्हणून. विद्यापीठाच्या संघाची जर्सी त्याच्या अंगावर पुन्हा चढली नाही. माझ्या मते संपूर्ण वादाची किल्ली येथे आहे. वर्गातील आसन आणि संघाची जर्सी या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिक्षण हे माणसाला माणूस म्हणून मिळावयाचे असते. ते नाकारणे म्हणजे न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत आपल्या मनाने भर घालणे होय. संघात खेळणे हा मात्र हक्क नव्हे. तो सन्मान आहे, आणि त्यात संस्थेचे नाव छातीवर मिरवण्याचे प्रतिनिधित्व आहे. म्हणून पहिली गोष्ट शक्य तितकी विनाअट द्यावी आणि दुसरी विचारपूर्वक, अटींसह द्यावी.

यावर एक रास्त आक्षेप येईल. गरीब घरातील मुलाला वर्गापर्यंत नेणारी वाट मैदानातूनच जाते. जर्सी काढून घेतली तर शिष्यवृत्ती जाते आणि शिष्यवृत्ती गेली की आसनही जाते. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून सिद्ध काय होते? शिष्यवृत्ती खेळावर इतकी अवलंबून असू नये, हे सिद्ध होते. खेळाडूला काही काळ संघाबाहेर ठेवूनही त्याचे शिक्षण चालू ठेवणे विद्यापीठाच्या हाती असते. तशी इच्छा नसेल, तर दुसरी संधी त्या तरुणाला दिली जात नसून त्याच्या पायांतील वेगाला दिली जात आहे, हे उघडपणे मान्य करावे.

मग जर्सीसाठी अटी कोणत्या असाव्यात? माझ्या मते तीन. पहिली, सत्याची : केलेल्या कृत्याला त्याच्या खऱ्या नावाने संबोधले गेले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने खेळाडूंनी हिंसेसंबंधीची दोषसिद्धी दरवर्षी आपल्या संस्थेला कळवावी असे धोरण स्वीकारले, ते या दिशेचे पाऊल आहे. दुसरी, पीडित व्यक्तीच्या सुरक्षिततेची : ज्या आवारात ती वावरते तेथे अपराध्याचा जयजयकार होऊ नये. म्हणूनच चोरी आणि लैंगिक हिंसा यांना एकच मापदंड लावता येणार नाही. तिसरी, निर्णयकर्त्याची : ज्याची नोकरी सामना जिंकण्यावर अवलंबून आहे, त्या प्रशिक्षकाच्या हाती हा निर्णय नसावा. आणि या तिन्हींच्या मुळाशी एक साधी कसोटी असावी : जो विद्यार्थी चेंडू झेलू शकत नाही, त्यालाही हीच संधी मिळाली असती काय?

आपल्याकडे विद्यापीठीय खेळात एवढा पैसा नाही; तरी या विचाराला आपली भूमी अनोळखी नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत उभारली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता सर्वसाधारणपणे त्याच्या पुढील आयुष्याला चिकटू दिली जात नाही. राज्यातील मध्यवर्ती कारागृहांत मुक्त शिक्षणाची अभ्यासकेंद्रे चालतात. आपल्या हातातील पुस्तिकेसारखीच पुस्तिका आज तेथेही कोणी वाचत असेल. नोकरी, संसार किंवा परिस्थिती यांमुळे खंडित झालेले शिक्षण आपल्यापैकी अनेकांनी वयाच्या तिशी-चाळिशीत पुन्हा हाती घेतले आहे. आपला खंड आणि त्या बंद्याचा खंड एकसारखे नाहीत. तथापि, उशिरा उघडलेल्या दाराचे मोल आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

ब्रेंडा ट्रेसीच्या बाबतीत पुढे जे घडले ते सांगून हा विचार पूर्ण करतो. २०१६ मध्ये त्याच प्रशिक्षकाने तिला आपल्या नव्या संघापुढे बोलण्यासाठी बोलावले. ती गेली, आणि अठरा वर्षांपूर्वी सौम्य शब्दांखाली झाकलेली गोष्ट तिने त्या खेळाडूंना खऱ्या शब्दांत सांगितली. 'संधी' या शब्दाचा मूळ अर्थ जोडणे असा आहे. व्याकरणात 'महा' आणि 'ईश' यांचा संधी होतो, तेव्हा 'आ' उरत नाही आणि 'ई'ही उरत नाही. दोहोंतून 'ए' सिद्ध होतो. दुसऱ्या संधीतही चूक करणारा आणि त्याला परत घेणारी संस्था, दोघेही बदलले पाहिजेत. दोघेही होते तसेच राहिले, तर ती संधी नव्हे, केवळ सवलत होय.

आपले मत याहून वेगळे असू शकेल. ते अवश्य असावे; मात्र ते मांडताना आपण 'आरोपी' कोणाला म्हणतो, 'गुन्हेगार' कोणाला म्हणतो आणि 'चूक' कशाला म्हणतो, हे एकदा तपासून पाहावे, एवढीच अपेक्षा.