टाक्यांचा हिशेब

हॉकी म्हटली की बेळगावकरांना बंडू पाटील आणि १९६४ चे टोकियो ऑलिंपिक आठवते. आजची हॉकी मात्र दूरची आहे, कॅनडाची. पायांत पात्यांचे बूट घालून ती बर्फावर खेळतात. तिथे चेंडू नसतो. कडक रबराची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची चकती असते आणि तीही गोठवून दगडासारखी केलेली. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळ्यापुढे गोलरक्षक तिची वाट पाहत उभा असतो.

यांतला सर्वांत थोर कोण, हा तिकडचा न संपणारा वाद. नोंदवही उघडली तर उत्तर सोपे आहे. मार्टिन ब्रोदर याच्या नावावर ६९१ विजय आहेत आणि १२५ सामन्यांत त्याने एकही गोल खाल्लेला नाही. पण १९६७ पर्यंत लीगमध्ये संघ होते अवघे सहा, मोसमात सामने सत्तर, आणि कितीतरी बरोबरीत सुटत. २००५ पासून बरोबरी बंद झाली, प्रत्येक सामन्याला विजेता मिळू लागला. तेव्हा जुन्या आकड्यांशी नवे ताडून पाहणे म्हणजे आजोबांच्या पगारावर आजचा बाजार करण्यासारखे आहे. शिवाय नोंदवहीत एक रकाना नाहीच. तो चेहऱ्याचा.

टेरी सॉचक आणि जॅक प्लांट, दोघेही १९२९ सालचे. टेरीचा थोरला भाऊ किशोरवयातच हृदयविकाराने गेला आणि त्याचे गोलरक्षकाचे पॅड टेरीकडे आले. लहानपणी उजव्या हाताचे कोपर मोडले, ते त्याने घरच्यांपासून लपवले. हात कायमचा आखूड राहिला. त्याच हाताने १९५२ च्या स्टॅन्ले चषकात त्याने आठ सामन्यांत फक्त पाच गोल खाल्ले, आणि डेट्रॉईटच्या घरच्या मैदानावर तर एकही नाही. १०३ सामने बिनगोल राखण्याचा त्याचा विक्रम २००९ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. तो ब्रोदरनेच मोडला.

तेव्हा गोलरक्षक उघड्या तोंडाने खेळत. टेरीच्या चेहऱ्यावर चारशेच्या आसपास टाके पडले असे सांगतात.

प्लांट निराळा. अकरा भावंडांत थोरला, दम्याचा रोगी, स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणणारा. सरावाला तो मुखवटा घालायचा, पण सामन्यात प्रशिक्षक टो ब्लेक घालू देत नसत. मुखवटा घालणारा भित्रा ठरे. (गाडीवर हेल्मेट घाल म्हटले की आपली पोरे तोंड वाकडे करतात, तो रोग तसा जुनाच म्हणायचा.) १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये चकतीने प्लांटचे नाक फाटले. टाके घालून झाल्यावर त्याने सांगितले, मुखवटा नसेल तर मी उतरत नाही. संघाकडे दुसरा गोलरक्षक नव्हता. ब्लेक यांना मान तुकवावी लागली आणि मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ ने जिंकला. पुढे मार्च १९६० मध्ये ब्लेक यांच्या शब्दाखातर तो एकदा मुखवट्याविना खेळला. टेरीच्याच डेट्रॉईटकडून संघ ३-० ने हरला. त्यानंतर त्याने मुखवटा कधी उतरवला नाही.

त्याच्या आधीही १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने चामड्याचा मुखवटा वापरून पाहिला होता, पण थोडेच सामने. प्लांटने हट्ट धरला म्हणून ती रूढी झाली. नुसत्या कौशल्यात टेरी उजवा होता असे मला वाटते. तरी निवड करायची तर मी प्लांटची करीन, कारण त्याच्या हट्टाचा उपयोग पुढे इतर सगळ्यांना झाला. टेरीने स्वतः मुखवटा घातला तो १९६२ मध्ये. तोवर टाके पडायचे ते पडून गेले होते. १९६६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने रंगभूषाकाराकडून त्याच्या तोंडावरचे सगळे जुने व्रण रंगवून घेऊन फोटो छापला.

१९७० मध्ये संघातल्याच सहकाऱ्याशी झालेल्या झटापटीत टेरीला पोटात जबर इजा झाली. चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या पुढच्याच मोसमात बेचाळीस वर्षांचा प्लांट, मुखवटा घालून, टोरांटोच्या जाळ्यापुढे उभा होता. सामन्यामागे १.८८ गोल, साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी.