घाटात दमलेली पद्मिनी

मंडळी, गेल्या महिन्यात पणजीहून बेळगावला परतताना चोर्ला घाटात बाबांची पद्मिनी रडकुंडीला आली. दुसऱ्या गियरमध्येही ओढेना, काटा लाल रेघेकडे सरकलेला, सायलेन्सरमधून मधूनच फट्ट आवाज. गॅरेजमध्ये दाखवली, तर निदान तयारच होतं, "इंजिन खोलावं लागेल." खर्च ऐकून मी बाबांना सरळ सांगितलं, आता विकून टाकू. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता एवढंच विचारलं, "पॉइंट बघितलेस का रे?"

बघितले नव्हते.

पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर त्याला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात आणि प्रत्येक ठिणगी पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी पडायला हवी. उशीर झाला, तर पिस्टन खाली निघालेला असतो. पेट्रोल जळतं, पण त्याचा जोर पिस्टनला मिळत नाही, नुसता एक्झॉस्ट तापतो. म्हणून ओढ कमी आणि गरमी जास्त. ठिणगी फार लवकर पडली, तर चढावर इंजिन खडखडतं.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली होती. त्यामुळे फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. नवे पॉइंट घातले, फीलर गेजने फट लावली. टायमिंग त्यानंतरच बघायचं, कारण फट हलली की टायमिंगही हलतं.

बाबांचे हात आता थरथरतात. ते खुर्चीवरून सांगत होते, मी करत होतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवली. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावली. स्विच चालू केला. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो आधी रोटरच्या दिशेने फिरवला, बल्ब विझला. मग उलट दिशेने हळूहळू फिरवला. बल्ब पेटला, म्हणजे त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच बोल्ट आवळला.

रविवारी पुन्हा चोर्ला गाठला. गाडी तिसऱ्या गियरमध्ये चढली, काटाही जागेवर राहिला. बाबा शेजारी काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "आता विकायची असेल तर विक. चांगली गाडी विकल्यासारखं तरी होईल."

विकली नाही.

तुमच्या गाड्यांत आता डिस्ट्रिब्युटर नाही, टायमिंग कॉम्प्युटर बघतो. तरीही कुणी इंजिन खोलायला सांगितलं, तर आधी स्वस्तातलं आणि वरवरचं सगळं तपासून घ्या. आणि घरात जुना जाणकार असेल, तर त्याला आधी विचारा. मी सगळ्यात शेवटी विचारलं होतं.