घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत

गेल्या उन्हाळ्यात प्रतापनगरच्या ताईची गाडी विकायला काढली. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली होती. गाडी दारात नुसती उभी. भाऊजींनी ती मोठ्या हौसेनं घेतली आणि त्याहून हौसेनं सजवली होती. चामड्याची सीट कव्हर्स, मोठा म्युझिक सिस्टीम, चकचकीत अलॉय व्हील्स, पुढे लोखंडी गार्ड. ताईनं सगळी बिलं जपून ठेवलेली. बेरीज केली तर पन्नास हजारांच्या वर गेली!

जुन्या गाड्यांचा धंदा करणारे एक गृहस्थ आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मीटर पाहिलं, बॉनेट उघडलं, एसी लावून पाच मिनिटं आत बसले. ताईनं बिलांची फाईल पुढे केली, तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, हे राहू द्या. याचे काही धरत नाही आम्ही."

ताईचा चेहरा पडला. तिला वाटलं, बाई माणूस बघून फसवतो आहे. मलाही तसंच वाटलं. म्हणून आणखी दोन ठिकाणी विचारलं. तिथेही तेच उत्तर!

मग मला इतवारीचा सराफा आठवला. मैत्रिणींनो, आपण जुनी पाटली मोडायला नेतो तेव्हा सराफ काय करतो? सोनं तोलतो. घडणावळ द्यायची ती घेताना, मोडताना तिला कोणी विचारत नाही. गाडीचंही अगदी तसंच. इंजिन, किलोमीटर, कितवा मालक, सर्व्हिसिंगची नोंद हे सोनं. आणि आपण बाजारातून बसवलेल्या वस्तू म्हणजे घडणावळ. पुढच्या माणसाला आपली आवड आवडेलच असं थोडंच आहे? उलट बाहेरून वायरिंग केलेलं दिसलं की तो दचकतो. विम्याचंही तेच. अशा वस्तू पॉलिसीत वेगळ्या लिहून दिल्या तरच धरल्या जातात, आणि गाडीसारखीच त्यांचीही किंमत दरवर्षी उतरते.

काही वस्तू तर उलट भाव पाडतात. लोखंडी गार्डचंच बघा. केंद्र सरकारनं २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, कारण धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामात तो अडथळा आणू शकतो आणि रस्त्यानं चालणाऱ्याला जास्त इजा करतो. बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि आरसी बुकात त्याची नोंद केली नाही, तर गाडी नावावर करून देताना आरटीओत अडकलंच म्हणून समजा.

मग जास्तीचं काहीच घेऊ नये का? तसं नाही. कंपनीतूनच बसून आलेल्या सोयींची गोष्ट वेगळी. पूर्वी मारुती ८०० एसीची आणि बिनाएसीची, दोन्ही मिळायची. आपल्या नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे आज बिनाएसीची गाडी कोण घेईल? अशा सोयीमुळे भाव थोडा जास्त येतो आणि गाडी लवकर विकली जाते. पण भरलेली सगळी रक्कम तिथेही परत येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता मला खरं सांगायचं आहे ते. ताईच्या गाडीत पन्नास हजारांची सजावट होती, पण एअरबॅग नव्हत्या! त्या काळी मारुतीच्या काही गाड्यांच्या नावापुढे कंसात 'ओ' असायचं. ओ म्हणजे ऑप्शनल. थोडे जास्त पैसे भरले की एअरबॅग मिळायच्या. शोरूममध्ये भाऊजी म्हणाले, "काय गरज आहे?" ताई गप्प बसली. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं तिला वाटलं. पुढे १ जुलै २०१९ पासून चालकाची आणि १ जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग प्रत्येक नव्या कारला सक्तीची झाली. त्या शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा कोण बसतं, सांगा बरं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'विकताना किती येतील' या एका हिशेबानं जास्तीची वस्तू घेऊ नका. जी रोज कामी येईल, जी जीव वाचवेल, ती घ्या. परत पैसे आले नाहीत तरी ते वसूल झालेलेच असतात. जुनी गाडी घेणार असाल तर अलॉय व्हील्सवर भाळू नका. एअरबॅग आहेत का, एबीएस आहे का, ते आधी विचारा. आणि भाव करताना नव्या गाडीची आजची किंमत माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते.

ताईनं शेवटी म्युझिक सिस्टीम काढून वेगळा विकला, गाडी दिली आणि फॉर्म २९ व ३० वर स्वतः सह्या केल्या. आता भाचीला गाडी घ्यायची आहे. परवा शोरूममध्ये विक्रेता सनरूफचं कौतुक सांगत होता. ताईनं त्याला मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या जी," ती म्हणाली, "आधी एअरबॅग किती ते सांगा."