बेंजोवाल्या पोराच्या हाती मेंडोलिन

खालापूर तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे : मुलगा बेंजो पार्टीत वाजवतो, लग्नसराईत आणि जयंतीच्या दिवसांत चार पैसे घरी आणतो. यंदाच्या कमाईतून त्याने जुने मेंडोलिन विकत घेतले. आता मोबाईलवर ऐकून रात्री उशिरापर्यंत जॅझ वाजवीत बसतो. शेजारी म्हणतात, हे बड्या हॉटेलातल्या साहेबलोकांचे संगीत, आपल्याला काय उपयोग? त्याला थांबवावे का?

ताई, थांबवू नका. आधी त्या शेजाऱ्यांचे बोलणे निकालात काढू.

जॅझ साहेबांनी ऐकले हे खरे, पण निर्माण केले ते गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, मिरवणुकांत आणि नाचघरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आकाराला आले. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबे या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड आला. खुर्चीवर साहेब आणि संस्थानिक, वाजवणारे मात्र ज्यांना त्यांच्याच देशात गोऱ्यांच्या शेजारी बसण्याची बंदी होती असे लोक. याच समाजाच्या लढ्याची माहिती घेण्यासाठी बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. तेव्हा हे संगीत आपल्याला परके, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

आणि परके म्हणावे तर 'अलबेला' कोणी पाहिला नाही? १९५१ सालचा हा चित्रपट गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपल्या चितळकरांचे. त्यात त्यांच्या जोडीला होता गोव्याच्या हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. आपल्या वडिलधाऱ्यांनी ज्या गाण्यांवर चाळीत फेर धरला, त्यांत जॅझ मिसळलेले होते. फक्त तसे कोणी सांगितले नव्हते.

मेंडोलिनचीही गोष्ट अशीच गरिबाघरची आहे. टेनेसी प्रांतातील यँक रॅचेल हा कृष्णवर्णीय शेतकऱ्याचा पोर. आईने वाढवायला दिलेले डुकराचे पिल्लू त्याने शेजाऱ्याला देऊन टाकले आणि बदल्यात मेंडोलिन घरी आणले. आईने चांगलेच फैलावर घेतले म्हणतात. (ताई, तुमचा मुलगा निदान स्वतःच्या पैशाने घेऊन आला!) पुढे १९२९ साली मेम्फिसला त्याच्या तबकड्या निघाल्या आणि १९९७ साली मरेपर्यंत तो वाजवीत राहिला. त्याचे वादन ब्लूजचे, आणि ब्लूज ही जॅझची आईच. जेथ्रो बर्न्स हा गोरा वादक लोकांना माहीत झाला विनोदी गाण्यांमुळे, पण मेंडोलिनवर जॅझ कसे वाजते ते त्याच्याकडून ऐकावे. आपल्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणी वडील गेल्यावर मेंडोलिन वाजवूनच घराला हातभार लावीत होते.

आता मुलाशी दोन शब्द.

बाळा, तुझा बेंजो म्हणजे मूळ जपानी वाद्य, ताईशोगोतो. अमेरिकेतला बँजो वेगळा. तो आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचा. तुझ्या बेंजोच्या सुरावटीच्या तारा एकाच सुरात लावलेल्या असतात आणि टाइपरायटरसारखी बटणे दाबून गाण्याची चाल निघते. त्यामुळे तुझी बोटे चालीला तयार झाली, पण कॉर्ड तुला कोणी शिकवली नाही. खरी मेख तिथेच आहे. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या, व्हायोलिनसारख्या जी, डी, ए, ई सुरांत लावलेल्या. एका जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जाऊच नकोस.

सुरुवात बारा मात्रांच्या नव्हे, बारा आवर्तनांच्या ब्लूजने कर. पांढरी एक 'सा' धर. पहिली चार आवर्तने सा, ग, प आणि कोमल नी. मग दोन आवर्तने म, ध, सा आणि कोमल ग. पुन्हा दोन पहिल्यासारखी. नवव्याला प, नी, रे, म. दहाव्याला परत मध्यमाची, शेवटची दोन घरी, सा वर. चार सुरांची कॉर्ड आणि तारांच्या जोड्याही चारच, म्हणून हिशेब बसतो. बोट पोचत नसेल तर सा सोडून दे, तो बाजूचा कीबोर्डवाला देईल. मग या चौकटीवर स्वतःची चाल बांध, दर फेरीला वेगळी. कोमल ग आणि शुद्ध ग यांच्यातली ओढाताण कानाला लागली की ब्लूज कळले समज.

मेंडोलिनचा सूर छेडला की लगेच विरतो, सॅक्सोफोनसारखा लांब धरता येत नाही. म्हणून तो धरायला नखीचा सततचा कंप लागतो. पण प्रत्येक सुरावर तो कंप दिलास तर जॅझ न राहता जुने फिल्मी गाणे होईल. छोटे, तुटक सूर वाजव, मध्ये जागा सोड. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन दे. कर्जतहून पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीला जाताना मांडीवर हाताने ठेका धरून ही सवय कर. लोक बघतील, बघू देत.

पोटाचे काय, हा ताईंचा खरा प्रश्न. खोटे बोलणार नाही : कर्जत-खोपोलीत जॅझ मेंडोलिनवाल्याला कोणी नोकरी ठेवून घेणार नाही, आणि मुंबईच्या रेकॉर्डिंगमधले मोठे वाद्यवृंदही कीबोर्ड व संगणक आल्यापासून आटले. पण त्या काळी गोवेकरांनाच तिथे जागा का मिळाली, याचा विचार करा. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवले गेले. आपल्या पोरांच्या कानात काही कमी नव्हती. कागदावरचे स्वर वाचायला त्यांना कोणी बसवले नाही, एवढेच. जॅझच्या नादाने तुमचा मुलगा कॉर्ड आणि नोटेशन शिकला, तर तोच हात कीबोर्डवर, गिटारवर, गाण्याच्या अरेंजमेंटवर चालेल. पार्टीत मात्र त्याने बेंजो सोडू नये. हंगामाचे पैसे घरी येऊ द्यावेत आणि रियाझाची वेळ रात्री दहाच्या आत आटपावी. शेजाऱ्यांनाही पहाटेची गाडी पकडायची असते.

राहता राहिला पाऊस. आपल्या घाटाखालच्या पावसात लाकूड फुगते, तारा गंजतात. मेंडोलिन ओल्या भिंतीला टांगू नका, चुलीजवळही नको. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि वाद्य पेटीत ठेवायचे. पेटी नसेल तर जुन्या गोधडीत गुंडाळून फळीवर ठेवले तरी चालते.